एअर फ्रायरमधल्या पोर्क रिब्स आणि सोबतचे पदार्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिब्सबद्दलची, म्हणजे डुकराच्या बरगड्यांबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रेसिपीत लिहिलं होतं 'दोनशे अंशांवर पंचवीस मिनिटं', तसंच केलं, वरून रंग झकास आला आणि दात लावला तर मांस हाड सोडायला तयार नाही. खालची बरीचशी उत्तरं या तक्रारीभोवतीच फिरतात. तापमानाचे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली.

एअर फ्रायरमध्ये रिब्स खरंच मऊ होतात का?

होतात, पण यंत्राच्या स्वभावाच्या थोडं उलट जावं लागतं. २०१० साली बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात फिलिप्सने हे यंत्र लोकांसमोर आणलं, तेव्हापासून त्याच्या नावात 'फ्रायर' असलं तरी ते तळत काहीच नाही. वर तापलेली कॉइल, तिच्याजवळ जोरात फिरणारा पंखा आणि खाली भोकांची बास्केट, म्हणजे छोटासा, सोसाट्याच्या वाऱ्याचा ओव्हन. पदार्थाचा पृष्ठभाग पटकन सुकवून कुरकुरीत करणं हे त्याचं खरं काम.

रिब्सना पहिला बराच वेळ याच्या नेमकं उलट काहीतरी हवं असतं. जनावर श्वास घेतं तेव्हा बरगड्यांमधले स्नायू सतत हलत असतात. म्हणून तिथे संयोजी ऊती, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे भरपूर, आणि त्यात कोलॅजन हे प्रथिन. ते विरघळून जिलेटिन व्हायला उष्णता, ओल आणि वेळ अशी तिन्ही लागतात. वाऱ्यात उघड्या ठेवलेल्या रिब्स कोलॅजन विरघळायच्या आतच वरून सुकून जातात. म्हणून आधी फॉइलमध्ये बंद करून मऊ करायच्या आणि शेवटी उघड्यावर रंग आणायचा. एवढं पाळलंत तर मसाला आणि सॉस यांत हवा तो गोंधळ घाला, रिब्स चांगल्याच होतील.

कोणत्या रिब्स आणायच्या? बेबी बॅक, स्पेअर, सेंट लुईस... फरक काय?

'बेबी' शब्दावरून पिल्लाच्या बरगड्या असतील असं वाटतं, तसं नाही. पाठीच्या कण्याजवळचा, कमरेच्या मांसालगतचा वरचा भाग म्हणजे बेबी बॅक. हाडं आखूड आणि वाकलेली, मांस जरा कमी चरबीचं. त्याच बरगड्या खाली पोटाकडे जातात तो भाग स्पेअर रिब्स: लांब, चपट्या, चरबीदार आणि माझ्या मते चवीला सरस. स्पेअर रिब्सच्या टोकाची कूर्चा आणि छातीच्या हाडाचा भाग कापून चौकोनी पट्टी केली की तिला सेंट लुईस कट म्हणतात.

एअर फ्रायरसाठी पहिल्यांदा करत असाल तर बेबी बॅक घ्या. लवकर शिजतात आणि बास्केटमध्ये नीट बसतात. हात बसला की स्पेअरकडे वळा. विकत घेताना मांसाचा थर सगळीकडे साधारण सारखा आहे ना ते बघा. जिथे हाडं मांसातून वर उघडी पडलेली दिसतात ती पट्टी सोडा, कारण तो भाग सगळ्यात आधी करपतो.

किती आणू?

पोटभर जेवणाला माणशी हाडासकट ४०० ते ५०० ग्रॅम. सोबत तीन-चार पदार्थ असतील तर ३०० ग्रॅममध्येही भागतं. चार-पाच लिटरच्या बास्केटमध्ये एका वेळी साधारण एक किलो मावतं, तेही पट्टीचे तीन-चार हाडांचे तुकडे करून.

मागचा पातळ पडदा काढायलाच हवा का?

हो. हाडांच्या आतल्या बाजूला कागदासारखा चकचकीत पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही, चामट होतो, आणि मसालाही त्याच्यातून आत जात नाही. पट्टी उलटी ठेवा, टोकाच्या हाडावर लोण्याच्या बोथट सुरीचं टोक पापुद्र्याखाली सरकवा आणि हलकेच उचला. बोट जाईल एवढी फट झाली की कोरडा किचन टॉवेल बोटांना गुंडाळून कडा घट्ट धरा आणि ओढा. नुसत्या बोटांनी धरायला गेलात तर ती दर वेळी निसटणार, कारण चरबी. नशीब चांगलं असेल तर अख्खा पापुद्रा चिकटपट्टीसारखा एका झटक्यात सरकन निघतो. मधेच फाटला तर पुढच्या हाडापासून परत सुरुवात करायची. काही ठिकाणी तो आधीच काढलेला असतो. हाडांमधलं मांस स्पष्ट दिसत असेल आणि नखाने खरवडून काही उचललं जात नसेल, तर शोधत बसू नका.

रिब्स धुवून घ्यायच्या ना?

नको. नळाखाली धरलेल्या कच्च्या मांसावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर सिंक, ओटा आणि शेजारच्या भांड्यांवर जातात, आणि मांसावरचे जंतू मरतात ते उष्णतेने. हाडाचा चुरा लागला असेल तर ओल्या किचन टॉवेलने टिपा, मग कोरड्याने. कोरड्या पृष्ठभागावर मसालाही चांगला धरतो.

मसाला कोणता आणि कधी लावायचा?

एक किलोला माझं प्रमाण: दीड छोटा चमचा मीठ, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा पॅप्रिका, लसूण पावडर, कांदा पावडर आणि मिरपूड प्रत्येकी एक छोटा चमचा, मोहरीपूड अर्धा चमचा. तिखट आवडीप्रमाणे. सॉस विकतचा असेल तर त्यात मीठ असतंच, म्हणून सुरुवातीला हात आखडता ठेवलेला बरा.

मीठ आदल्या रात्री लावून फ्रिजमध्ये ठेवलं तर ते आतपर्यंत पोचतं. बाकीचा मसाला वरच राहतो, तो तासभर आधी लावला काय आणि आयत्या वेळी लावला काय, फार फरक पडत नाही. मोहरीचा सॉस पातळ माखून त्यावर मसाला थापण्याची पद्धत आहे. तिने चव फारशी बदलत नाही, मसाला चिकटायला मदत होते इतकंच. मांस नीट टिपलेलं असेल तर त्याचीही गरज नाही.

नेमकं तापमान आणि वेळ सांगा.

सांगतो, पण हे आकडे सुरुवात म्हणून घ्या. प्रत्येक यंत्राचा वारा वेगळा असतो आणि पट्टीची जाडीही.

पहिला टप्पा, बंद. तीन-चार हाडांचे तुकडे दुहेरी फॉइलवर मांस वर, हाड खाली असे ठेवा. दोन मोठे चमचे सफरचंदाचा रस किंवा साधं पाणी घाला. कडा वरच्या बाजूला दुमडून पुडी घट्ट बंद करा, म्हणजे रस खाली गळणार नाही. १६० अंशांवर बेबी बॅक ५० ते ६० मिनिटं, स्पेअर किंवा सेंट लुईस ७० ते ८० मिनिटं. मध्ये उलटायची गरज नाही. पुडीत मुळात वाफच काम करत असते.

मग तपासणी. पुडी उघडताना तोंड लांब ठेवा, कारण साठलेली वाफ एकदम बाहेर येते. दोन हाडांच्या मधोमध टूथपिक खुपसा. मऊ लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. रबरासारखा अडथळा लागला तर पुडी पुन्हा बंद आणि आणखी १० मिनिटं. इथे कंटाळू नका. पुढच्या टप्प्यात मांस मऊ होत नाही, फक्त रंगतं.

दुसरा टप्पा, उघडा. रिब्स पुडीतून काढून थेट बास्केटमध्ये ठेवा, एकीवर एक नाही. १९० अंशांवर ३-४ मिनिटं तशाच, पृष्ठभाग सुकण्यापुरत्या. मग ब्रशने सॉसचा पातळ थर, ३ मिनिटं. पुन्हा थर, पुन्हा २-३ मिनिटं. दुसऱ्या थरानंतर यंत्रापासून हलू नका. सॉसचे बुडबुडे दाट आणि चकचकीत झाले की बाहेर काढायचं. त्यांचे काठ काळे व्हायला लागले म्हणजे तुम्हाला मिनिटभर उशीर झाला आहे.

पुडीत साठलेला रस फेकू नका. वरची चरबी चमच्याने काढून तो सॉसमध्ये ओता आणि आटवा. या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात चांगली चव त्यातच असते.

पोर्क ६३ अंशांना सुरक्षित होतं असं वाचलं. मग तासभर कशाला शिजवायचं?

बरोबर वाचलंत. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा ७१ वरून ६३ अंशांवर आणली, वर ३ मिनिटं तसंच राहू द्यायची अट घालून. खिम्यासाठी मात्र ७१ कायम आहे. पण तो आकडा सांगतो की खाऊन आजारी पडणार नाही. चावता येईल की नाही हे त्यात नाही. ६३ अंशांवरची बरगडी निर्धोक असते आणि चिवटही. कोलॅजन साधारण ७० अंशांच्या पुढे नीट विरघळू लागतं आणि रिब्सचं मांस मऊ लागतं ते ९० ते ९५ च्या दरम्यान. 'पंचवीस मिनिटं'वाल्या रेसिपीने जे हातात येतं ते बहुधा ६३ आणि ९० च्या मधलं असतं, शिजलेलं पण न मुरलेलं.

थर्मामीटर लावायचा कुठे?

दोन हाडांमधल्या जाड मांसात, आणि टोक हाडाला टेकू न देता. हाडाजवळचा आकडा फसवतो. खरं सांगायचं तर रिब्सच्या बाबतीत माझा टूथपिकवर जास्त विश्वास आहे. मांसाचा थर इतका पातळ असतो की थर्मामीटरचं टोक अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तरी आकडा बदलतो. आणखी एक खूण म्हणजे मांस हाडांच्या टोकांवरून मागे सरकून हाडाची टोकं उघडी पडलेली दिसतात.

मांस हाडावरून गळून पडलं तर ते उत्तम ना?

आवडीचा प्रश्न. अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांत गळून पडणारं मांस जास्त शिजलेलं धरतात. तिथे घास घेतल्यावर दातांची खूण स्वच्छ उमटावी आणि बाकीचं मांस हाडावर राहावं, अशी अपेक्षा असते. घरी खाणाऱ्यांना विचाराल तर निम्म्यांहून जास्त हात गळून पडणाऱ्या रिब्ससाठी वर होतील. तशा हव्या असतील तर पुडीतला वेळ १५ मिनिटांनी वाढवा आणि नंतर चिमट्याने उचलताना जपून.

आधी कुकरमध्ये किंवा पाण्यात उकळून घेतल्या तर वेळ वाचेल का?

वेळ वाचतो, चव पाण्यात जाते. उकळलेलं पाणी नंतर चाखून बघा, म्हणजे पटेल. अगदीच घाई असेल तर कुकरमध्ये जाळीवर ठेवून, तळाशी थोडंसं पाणी घालून वाफवा, मांस पाण्यात बुडू देऊ नका. शिट्टी बंद झाल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, मग टिपून कोरड्या करा आणि दुसरा टप्पा वर सांगितल्याप्रमाणे. मी स्वतः पुडीच पसंत करतो.

फॉइल एअर फ्रायरमध्ये चालतं का? मशीन बिघडेल म्हणतात.

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर चालतं, पण फॉइलवर वजन असलं पाहिजे. मी एकदा उरलेला हलका तुकडा 'तेल गळू नये' म्हणून रिकाम्या बास्केटमध्ये अंथरून यंत्र तापवत ठेवलं. पंख्याने तो उचलला आणि कॉइलला नेऊन चिकटवला. फडफड आवाज आणि जळका वास, मग यंत्र थंड होईपर्यंत तासाभराची सक्तीची विश्रांती. कागदाचंही तेच, फक्त तो पेटू शकतो. म्हणून यंत्र रिकामं तापवताना फॉइल किंवा बेकिंग पेपर आत ठेवायचा नाही. भरलेल्या पुडीच्या सर्व बाजूंनी वारा फिरायला जागा ठेवा आणि ती वर कॉइलला टेकणार नाही याची खात्री करा.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. व्हिनेगर, टोमॅटो, लिंबू यांची अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया होते. फॉइलला बारीक भोकं पडतात, मांसाला धातूची चव येते. पुडीत आंबट काही घालायचं असेल तर आत बेकिंग पेपरचा थर द्या.

सॉस सुरुवातीलाच का नाही लावायचा?

साखर. बार्बेक्यू सॉसमध्ये ती भरपूर असते, आणि कॉइल अगदी डोक्यावर. सुरुवातीलाच लावलेला सॉस आतलं मांस गरम व्हायच्या आत काळा होतो आणि कडवटपणा मांसात उतरतो. तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही.

घरी सॉस करायचा तर?

एक वाटी केचप, तीन मोठे चमचे ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक मोठा चमचा वूस्टरशायर सॉस, एक छोटा चमचा मोहरीचा सॉस, चिमूटभर मिरपूड. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, वर सांगितलेल्या पुडीतल्या रसासकट. चमच्याच्या पाठीवर थर धरला की झाला. हा साधारण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या वळणाचा सॉस, दाट, गोडसर, टोमॅटोचा. तिथल्याच मेम्फिस शहरात सॉसशिवाय नुसत्या कोरड्या मसाल्याच्या रिब्सही मानाने खातात. तशा करायच्या असतील तर दुसऱ्या टप्प्यात सॉसऐवजी पुडीतला रस हलकेच लावून वर चिमूट-चिमूट मसाला भुरभुरा.

धुराची चव कशी आणायची?

स्मोक्ड पॅप्रिका. तिने काम होतं. लिक्विड स्मोक म्हणजे लाकडाचा धूर थंड करून पकडलेला द्रव. तो सॉसमध्ये पाव छोटा चमचा पुरे, जास्त झाला तर राखेची चव येते. लाकडाच्या धुरावर शिजवलेल्या मांसाच्या कडेला दिसणारी ती प्रसिद्ध गुलाबी रेघ एअर फ्रायरमध्ये येणार नाही. जळत्या लाकडातला नायट्रिक ऑक्साइड वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी जुळतो तेव्हा ती उमटते आणि तिला स्वतःची चव नसते. लाकडाचे तुकडे एअर फ्रायरमध्ये ठेवायचे का, असाही प्रश्न येतो. नाही. कधीच नाही.

शिजताना पांढरा धूर येतोय. जळतंय का?

बहुतेक वेळा जळत नसतं. वितळलेली चरबी खालच्या गरम तळावर पडते आणि तिचा धूर होतो. दुसऱ्या टप्प्याआधी खालच्या ड्रॉवरमधली चरबी ओतून टाका आणि ड्रॉवरवाल्या यंत्रात तळाला दोन-तीन मोठे चमचे पाणी घाला. धूर काळा असेल तर मात्र यंत्र बंद करा, प्लग काढा आणि थंड झाल्यावर कॉइलला काय चिकटलंय ते बघा.

हाडाजवळ गुलाबी दिसतंय. कच्चं आहे?

रंगावरून ठरवू नका. नीट शिजलेल्या पोर्कमध्येही हाडालगत गुलाबी छटा राहू शकते. टूथपिक सहज जात असेल आणि आतलं तापमान ९० च्या घरात असेल तर खुशाल खा.

गोठवलेल्या रिब्स थेट टाकल्या तर?

बर्फ वितळेपर्यंत कडा सुकतात, आणि एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या सोडवता येत नाहीत, पापुद्रा काढता येत नाही ते वेगळंच. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये खाली, ताटलीत ठेवून द्या. ओट्यावर उन्हाच्या उबेत वितळवायच्या नाहीत. ४ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात.

कडक झाल्या. आता काय?

कडकपणा दोन प्रकारचा असतो आणि लोक दोन्हींवर एकच इलाज करतात. चावताना रबरासारखं ताणलं जात असेल तर कमी शिजल्यात. दोन चमचे पाणी घालून पुन्हा पुडी, १६० वर २० मिनिटं, मग टूथपिक. भुशासारखं कोरडं सुटत असेल तर जास्त शिजल्यात, आणि त्यातलं पाणी परत आणता येत नाही. मांस सोडवा, गरम सॉसमध्ये कालवा, पावात भरा. कोणाला कळणार नाही.

सोबत काय करावं?

रिब्स गोड, चरबीदार आणि मऊ. म्हणून ताटात काहीतरी आंबट-कुरकुरीत आणि काहीतरी रस टिपून घेणारं असलंच पाहिजे. बाकी हौस.

कोलस्लॉ मी कधीच वगळत नाही. नावच डच 'कोलस्ला'वरून आलंय, कोल म्हणजे कोबी, स्ला म्हणजे सॅलड. ४०० ग्रॅम कोबी शक्य तितका बारीक चिरा, एक गाजर किसा, छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत २० मिनिटं ठेवा आणि मुठीने घट्ट पिळा. ही पायरी टाळली तर अर्ध्या तासात वाडग्याच्या तळाशी पांढरट पाण्याचं तळं साचतं. मग चार मोठे चमचे मेयोनीज, एक मोठा चमचा व्हिनेगर, छोटा चमचा साखर, छोटा चमचा मोहरीचा सॉस. मीठ चाखूनच घाला, कोबीत थोडं उतरलेलं असतं.

बटाट्याचे वेजेस: सालासकट लांबट फोडी, थंड पाण्यात अर्धा तास, मग अगदी कोरड्या पुसून एक मोठा चमचा तेल. पाण्यात ठेवल्याने वरचा स्टार्च निघून जातो आणि फोडी कुरकुरीत होतात. २०० अंशांवर १८ ते २२ मिनिटं, दोनदा हलवून. मीठ शेवटी.

मक्याची कणसं अर्धी मोडून, लोणी लावून, २०० वर १० ते १२ मिनिटं. याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही.

बेक्ड बीन्स गॅसवरच करा. कोरडे पांढरे बीन्स रात्रभर भिजवून, पाणी बदलून, आधी पूर्ण मऊ शिजवायचे आणि मगच टोमॅटो, मोलॅसेस (उसाच्या रसाची काळी, दाट काकवी), मोहरी घालायची. आंबट आणि मोलॅसेस आधी पडलं की बीन्स तासन्‌तास शिजवले तरी कडकच राहतात. पांढऱ्यांऐवजी लाल किडनी बीन्स घेतले तर आधी किमान दहा मिनिटं खळाळून उकळा. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि पोट बिघडवतं.

कॉर्नब्रेड करताना एक गफलत नेहमी होते. कॉर्नफ्लोअर नावाने मिळणारी पांढरी पूड म्हणजे मक्याचा स्टार्च, त्याने हा ब्रेड होत नाही. मक्याचं पिवळं, जरा रवाळ पीठ हवं. अर्धी वाटी ते, अर्धी वाटी मैदा, एक मोठा चमचा साखर, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ. एका अंड्यात अर्धी वाटी दूध आणि दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी मिसळून त्यात घाला. फार फेटू नका. १५ सेंटीमीटरच्या टिनमध्ये १६० वर २० ते २२ मिनिटं. वरून लवकर लाल होतो, तेव्हा मध्येच टिनवर फॉइल घट्ट बसवा.

मॅक अँड चीजमध्ये, म्हणजे चीजच्या सॉसमधल्या मॅकरोनीत, खरं काम गॅसवर होतं. पांढरा सॉस तयार झाला की आच बंद करून मगच किसलेलं चेडर घाला, उकळत्या सॉसमध्ये चीजचं तेल सुटून गुठळ्या होतात. एअर फ्रायर फक्त वरचा थर खरपूस करायला, १८० वर सात-आठ मिनिटं.

यंत्र एकच. सगळं एकदम गरम ताटात कसं आणायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात आणि नेमकी इथेच धांदल उडते. युक्ती अशी: पुडीतल्या रिब्स अर्धा तास सहज थांबतात, बटाटे थांबत नाहीत.

कॉर्नब्रेड सगळ्यात आधी, तो कोमट छानच लागतो. मग रिब्सची पुडी आत. त्या तासाभरात कोलस्लॉ, सॉस, बीन्स आणि बटाटे भिजत घालणं. टूथपिक पास झाली की पुडी पुन्हा घट्ट बंद करून जाड टॉवेलमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, त्या गरम राहतात आणि मांसात रसही मुरतो. रिकाम्या बास्केटमध्ये वेजेस, २० मिनिटं. ते बाहेर, रिब्स सॉससाठी आत, ९-१० मिनिटं. रिब्स ताटात वाढत असताना वेजेस परत दोन मिनिटं, त्यांचा कुरकुरीतपणा परत येतो. कॉर्नब्रेड सोडून सगळं मिळून पावणेदोन तास.

उरलेल्या रिब्स किती दिवस टिकतात?

जेवणानंतर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेल्या असतील तर तीन-चार दिवस. गरम करताना पुन्हा फॉइल, चमचाभर पाणी, १६० अंशांवर १० ते १२ मिनिटं, आतून ७४ अंश होईपर्यंत. शेवटचं मिनिट उघड्यावर. मायक्रोवेव्हमध्ये मांस गरम होतं, पण सॉस चिकट चिखल होतो.

बास्केटला जळका सॉस चिकटून बसलाय.

तारेच्या घासणीने घासू नका, बास्केटवरचा नॉन-स्टिक थरच निघून येईल. बास्केट कोमट असतानाच त्यात गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून अर्धा तास विसरून जा. नंतर मऊ स्पंज. कोपऱ्यांतल्या जाळीसाठी जुना टूथब्रश. चरबी सिंकमध्ये ओतू नका, डब्यात गोठू द्या आणि कचऱ्यात टाका. नाहीतर दुसऱ्या दिवशी सिंक तुंबतं, तेव्हा रिब्सची आठवण वेगळ्याच कारणाने येते.